पद्मिनीचं आयडलिंग टिकत नाही? कार्बोरेटरचा स्क्रू फिरवण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते, रस्त्यावर छान पळते. पण इंजिन तापलं की सिग्नलला थांबताच आचके द्यायला लागतं आणि बंद पडतं. पायाने रेस धरून ठेवली तरच तग धरतं. मिस्त्री बॉनेट उघडतो, कार्बोरेटरच्या कडेचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतो, आवाज वाढतो आणि गाडी उभी असताना चालू राहायला लागते. आठवड्याभरात गाडी पुन्हा त्याच मिस्त्रीच्या दारात, त्याच तक्रारीसाठी.

तो स्क्रू म्हणजे स्पीड स्क्रू. तो दोष काढत नाही, झाकतो. कसा, ते एकदा नीट कळलं की निम्मं काम होतं.

आयडलिंगला, म्हणजे पाय न लावता इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटलची (हवेची वाट उघडणारी-मिटणारी) झडप जवळजवळ बंद असते. त्या वेळी लागणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण झडपेच्या खालच्या एका बारीक भोकातून येतं आणि त्या भोकावर मिक्श्चर स्क्रूचा ताबा असतो. झडपेच्या कडेशी, किंचित वर, आणखी एक-दोन भोकं असतात. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला की झडप सरकते, ही भोकं उघडी पडतात आणि मेन जेट (पळताना पेट्रोल मोजून सोडणारं भोक) काम सुरू करेपर्यंतचा मधला वेळ निभावतात. स्पीड स्क्रूने झडप गरजेपेक्षा जास्त उघडून ठेवली की ही मधली भोकं कायमची उघडी राहतात आणि इंजिन त्यांच्यावरच चालायला लागतं. मग मिक्श्चर स्क्रू आत घ्या नाहीतर बाहेर काढा, आवाजात काही फरक पडत नाही. किल्ली काढल्यावरही इंजिन दोन-चार ठोके मारत राहतं, त्यामागेही बरेचदा हीच जास्त उघडलेली झडप असते.

म्हणून पहिली परीक्षा अशी. गरम इंजिन चालू असताना मिक्श्चर स्क्रू हळूहळू आत घ्या. इंजिन अडखळून बंद पडायला आलं, तर आयडल सर्किट जिवंत आहे. काहीच झालं नाही, तर एकतर झडप जास्त उघडी आहे, नाहीतर आयडल जेट तुंबलाय, नाहीतर भलतीकडूनच हवा आत शिरते आहे.

पुढचं सगळं १०८९ सीसीच्या फियाट ११०० आणि पद्मिनीला धरून लिहितो आहे, कारण आपल्याकडे जतन केलेल्या जुन्या गाड्यांमध्ये हीच सगळ्यात जास्त दिसते. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडायची. १९६४ साली डिलाइट आली, १९७४ साली पद्मिनी हे नाव आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली आणि टॅक्सी स्टँडच्या आसपास नुसत्या आवाजावरून दोष सांगणारे मिस्त्रीही पांगले. आता मालकालाच हे कळायला हवं. तुमच्या जुन्या अँबेसेडरवर किंवा मॉरिसवर एसयू कार्बोरेटर असेल, तर मिक्श्चर लावायची रीत वेगळी आहे; बाकी तपासणीचा क्रम हाच.

आधी स्पार्क, मग पेट्रोल

कार्बोरेटरच्या नावावर खपणारे कितीतरी दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगना स्पार्क वाटणाऱ्या भागात, निघतात. आयडलिंग आठवड्या-आठवड्याने खाली येत जाण्याचं एक कारण तर ठरलेलं आहे. स्पार्कसाठी करंट तोडणाऱ्या पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते. टाच झिजली की पॉइंटची फट कमी होते, फट कमी झाली की टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) मागे पडतं, आणि टायमिंग मागे पडलं की आयडलिंग उतरतं. मिस्त्री स्पीड स्क्रूने ते वर आणतो, टाच झिजतच राहते. नवीन पॉइंट बसवताना कॅमवर ग्रीसचा अगदी हलका हात फिरवला नाही, तर ही झीज फारच लवकर होते.

फट फीलर गेजने मोजा. १८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण ०.४५ मिमी. पॉइंट जळून एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड झालं असेल, तर नुसता पॉलिश पेपर मारून भागणार नाही. कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा भाग) संशयित आहे, दोन्ही एकदम बदला. हल्ली बाजारात मिळणारे कंडेन्सर एकसारख्या दर्जाचे नसतात, म्हणून चांगला चालणारा जुना कंडेन्सर टाकून न देता डिकीत ठेवा.

मग डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. बुश झिजून शाफ्ट डगडगत असेल, तर चारही सिलिंडरना पॉइंटची फट वेगवेगळी मिळते आणि आयडलिंग कधीच गुळगुळीत होत नाही. ही झीज नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते.

टायमिंग लावायचं ते फट ठरल्यानंतरच. उलट क्रमाने केलं तर लावलेलं टायमिंग पुन्हा हलतं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. कॅपवरच्या वायरी एकदा मोजून घ्या. प्लगची फट ०.६ मिमीच्या आसपास ठेवा. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचं, अंतर इंजिन थंड असताना मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. टॅपेट आवळलेले असतील, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि गाडी नेमकी गरम झाल्यावरच रुसते. आवाज येत नाही म्हणून टॅपेट चांगले, असं धरून चालू नका. थोडी टकटक करणारा टॅपेट आवळलेल्या टॅपेटपेक्षा कितीतरी बरा.

चोरवाटेने येणारी हवा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. इंजिनात जाणारी हवा कार्बोरेटरच्या नरड्यातूनच जायला हवी. दुसरीकडून थोडी जरी शिरली, तरी आयडलिंगला तिचा हिस्सा मोठा होतो, कारण त्या वेळी एकूण हवाच कमी असते. पळताना झडप उघडी असते, तेव्हा तीच गळती कुणाला जाणवतही नाही. म्हणूनच "रस्त्यावर मस्त, सिग्नलला मरते" हे लक्षण ऐकलं की आधी हवेचा संशय घ्यायचा.

जागा तीन-चारच आहेत. पहिली, कार्बोरेटरखालचं पॅकिंग आणि त्यासोबतचा जाड बेकेलाइटचा इन्सुलेटर. कार्बोरेटर हलतो म्हणून कुणीतरी नट जोर लावून आवळलेले असतात. त्याने कार्बोरेटरच्या पायाचे दोन्ही कान खाली वाकतात आणि मधे फट पडते. कार्बोरेटर उतरवून पायाला स्टीलची पट्टी लावून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला, तर जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून पाय सपाट होईपर्यंत घासा. नवं पॅकिंग टाका, नट थोडे थोडे आलटून-पालटून आवळा. इथे सिलिकॉन सीलंट भरायचा मोह टाळा. पेट्रोलने तो फुगतो, त्याचे तुकडे सुटतात आणि आत ओढले जातात.

दुसरी जागा थ्रॉटलचा स्पिंडल, म्हणजे झडप फिरवणारी दांडी. चाळीस-पन्नास वर्षांची गाडी असेल, तर स्पिंडल आणि त्याची भोकं झिजलेली असणारच. लिव्हर धरून वर-खाली हलवा. जाणवण्याइतकी ढील असेल तर तिथून हवा जाते. याची खूण म्हणजे प्रत्येक वेळी पाय काढल्यावर आयडलिंग वेगळ्याच जागी येऊन थांबतं, कधी मिनिटाला हजार फेऱ्यांवर, कधी पाचशेवर, कारण झडप दरवेळी थोडी वेगळी बसते. असा कार्बोरेटर कितीही ट्यून करा, टिकत नाही. चांगल्या लेथवाल्याकडून भोकं रीम करून पितळी बुश बसवून घ्या आणि स्पिंडल नवा टाका. नवा कार्बोरेटर शोधत फिरण्यापेक्षा हे काम स्वस्त पडतं, आणि मूळचा कार्बोरेटर गाडीवर राहतो.

तिसरी जागा व्हॅक्यूमच्या नळ्या. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स असेल तर त्याची नळी आणि आतला डायफ्राम, मागाहून ब्रेक बूस्टर बसवला असेल तर त्याची नळी. ब्रेक दाबल्यावरच इंजिन पडत असेल, तर आधी बूस्टरची नळी चिमटून बघा.

गळती शोधायला इंजिन आयडलिंगवर ठेवून संशयाच्या जागी साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारा, डिस्ट्रिब्युटर आणि वायरी सांभाळून. जिथे मारल्यावर आवाज बदलतो, तिथे हवा शिरते आहे. बरेच जण यासाठी कार्बोरेटर क्लीनर वापरतात. तो पेट घेतो, आणि गरम एक्झॉस्ट जवळच असतो. मी तो या कामाला वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. अग्निशामक हाताशी ठेवल्याशिवाय पेट्रोलचं कुठलंही काम सुरू करायचं नाही.

व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवा ओढण्याची ताकद दाखवणारा काटा) लावायला मॅनिफोल्डवर जागा असेल तर जरूर लावा. एवढं बोलणारं दुसरं हत्यार नाही. मुंबईत, समुद्रसपाटीला, चांगल्या इंजिनाचा काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर उभा राहतो. पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे तोच काटा जवळपास दोन इंच खाली दिसेल. तो दोष नाही. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर टायमिंग मागे किंवा हवेची गळती. ठरावीक लयीत झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह. सावकाश इकडून तिकडे डोलत असेल तर मिक्श्चर.

जेट पुन्हा पुन्हा तुंबतो तेव्हा दोष टाकीत असतो

आयडल जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. गंजाचा एक कण पुरतो. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा. तार घालू नका. भोक रुंदावलं की जेट गेला. जेट साफ केल्यावर गाडी सुधारली आणि महिन्याभरात परत तेच, असं होत असेल, तर टाकीच्या तळाशी गंज आहे. टाकी उतरवून आतून धुवा, गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा आणि त्यात काय जमतं ते बघत राहा. नुसता फिल्टर बदलत राहणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली बदलत राहणं.

दुसरं, फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगून पातळी राखणाऱ्या डबीच्या) वाटीतली पातळी. नीडल व्हॉल्व्ह झिजला किंवा फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं, की पातळी वर जाते आणि पेट्रोल ओव्हर होतं. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत डचमळलं तर बदला. तपासायचं असं: एअर क्लीनर काढून गरम इंजिन आयडलिंगवर असताना नरड्यात टॉर्चने बघा. मधल्या नळीतून थेंब पडत असतील, तर पातळी वर आहे, कारण आयडलिंगला तिथून काही यायचं कारणच नाही. या गाडीच्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये पातळी नीडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरच्या जाडीने ठरते. जाड वॉशरने व्हॉल्व्ह बाहेर येतो आणि पातळी उतरते. वॉशर न टाकताच व्हॉल्व्ह पिळून बसवलेलाही सापडतो.

चोकची केबल आत ढकलल्यावर कार्बोरेटरवरची लिव्हर पूर्ण मागे येते का, हे बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा. केबल गंजून मधेच अडकते, चोक थोडा उघडा राहतो, आणि गरम इंजिन काळा धूर सोडत लडखडतं.

आता स्क्रू

वरचं सगळं झालं असेल तर ट्यूनिंगला फार वेळ लागत नाही. गाडी वीसेक मिनिटं चालवून आणा. एअर क्लीनर जागेवर ठेवा. तो काढून लावलेलं मिक्श्चर, तो बसवला की बदलतं. मिक्श्चर स्क्रू बोटाच्या जोराने टेकेपर्यंत आत घ्या, पिळू नका, टोकाला खाच पडते. मग दीड फेरा बाहेर. इंजिन चालू करून स्पीड स्क्रूने ९०० च्या आसपास आणा. आता मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा आणि प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद थांबून ऐका. जिथे आवाज सगळ्यात उंच आणि मऊ होतो, ती जागा. वेग वाढला असेल तर स्पीड स्क्रूने खाली आणा, पुन्हा मिक्श्चर बघा. दोन-तीनदा केलं की ७५० ते ८०० वर इंजिन एकसुरात उभं राहतं.

एक घोटाळा इथे नेहमी होतो. या कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू इंजिनाच्या बाजूला आहे आणि तो तयार मिश्रण अडवतो. म्हणून आत घेतला की मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी), बाहेर काढला की घट्ट (पेट्रोल जास्त). पुष्कळ स्कूटर आणि मोटारसायकलींवर एअर फिल्टरच्या बाजूला एअर स्क्रू असतो, त्याचं बरोबर उलट. दुचाकीवर हात बसलेला मिस्त्री सवयीने उलटा फिरवतो, आणि मग गाडीचं काही जमत नाही.

स्क्रू कुठे येऊन थांबला, यातूनही कळतं. अर्ध्या फेऱ्याच्या आत थांबला, तर दुसरीकडून पेट्रोल येतंय: पातळी, चोक किंवा मोठा केलेला जेट. तीन फेऱ्यांच्या बाहेर गेला, तर जेट अर्धवट तुंबलाय किंवा हवा शिरते आहे. दोन्ही वेळा मागे जाऊन तपासा. तसाच सोडू नका.

शेजारच्या पीयूसी केंद्रावर ओळख करून घ्या. भारत स्टेज-२ च्या आधीच्या पेट्रोल मोटारींना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. मला या गाडीवर दीड ते अडीच टक्के आवडतं. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन फार जास्त दिसलं, तर मिश्रण इतकं पातळ आहे की कुठलातरी सिलिंडर मिसिंग मारतोय. दोन्ही जास्त असतील तर घट्ट.

मुंबईत लावलेली गाडी महाबळेश्वरला, म्हणजे साडेतेराशे मीटरच्या आसपास, नेली की तिथे ती किंचित घट्ट चालणार; हवा विरळ होते, जेट तेच राहतात. दोन दिवसांसाठी मिक्श्चर हलवू नका.

इ-२० पेट्रोल

गेल्या काही वर्षांत आयडलिंगच्या तक्रारी वाढल्या, त्याचं मोठं कारण पंपावर आहे: इ-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे साधारण १४.७ भाग हवा लागते, वजनाने. इथेनॉलला नऊच. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जेट मात्र जुन्या हिशोबाचे. म्हणजे गाडी आपोआप आठ-नऊ टक्के पातळ चालते. इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर हे सावरतो, आपल्या कार्बोरेटरला ते करणारं कोणी नाही. आयडलिंग पडतं, पाय दाबताना खोकतं, प्लगची टोकं पांढरी दिसतात.

आयडलिंगपुरतं मिक्श्चर स्क्रू पाव-अर्धा फेरा बाहेर काढून भागतं. पळतानाही प्लग पांढरे येत असतील, तर मेन जेट एक नंबर वर न्या. जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. १२५ म्हणजे १.२५ मिमी. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे १२५ चा १३० केला की सुमारे आठ टक्के जास्त पेट्रोल जातं, म्हणजे जवळपास हवं तेवढंच. बदलल्यावर लांब चालवून प्लग काढून बघा. फिकट तपकिरी रंग यायला हवा.

जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने आतून सुटतात आणि तो काळा चुरा थेट जेटमध्ये येतो. एसएई ३० आर ९ लिहिलेली नळी घ्या. पंपाचा डायफ्रामही इथेनॉल सोसणारा आहे का, विचारून घ्या. पावसाळ्यात गाडी महिना-महिना उभी राहणार असेल, तर वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून मग बंद करा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं आणि वाटीला पांढरी बुरशी धरल्यासारखा थर येतो.

एप्रिल-मेमध्ये गर्दीत अडकून गाडी बंद पडली आणि लगेच चालू होईना, तर तो बहुधा ट्यूनिंगचा दोष नसतो. पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते, नाहीतर वाटीतलं पेट्रोल उकळून नरड्यात सांडलेलं असतं. पहिल्यात पंपावर ओलं फडकं ठेवण्याचा टॅक्सीवाल्यांचा उपाय अजूनही चालतो. दुसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप न करता, आणि सेल्फ मारा. दोन्ही वारंवार होत असेल, तर इन्सुलेटर जागेवर आहे का आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टला चिकटून जाते का, ते बघा.

एवढं सगळं करूनही एका सिलिंडरचा ठोका कमी पडतोय असं वाटलं, तर इंजिन आयडलिंगवर असताना प्लगच्या वायरी इन्सुलेटेड पकडीने एकेक करून काढून लगेच लावा. जी काढल्यावर आवाज पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. त्याचा प्लग आणि वायर शेजारच्या सिलिंडरशी बदलून बघा. दोष जागेवरच राहिला तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. तिथून पुढे काम कार्बोरेटरचं राहत नाही. हेड उतरवणाऱ्या मिस्त्रीची वेळ घ्या.